सतरा नाण्यांपैकी एक

सोनारदादाबद्दल वाईट बोलणारा माणूस त्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. पंचेचाळीस वर्षं एकच दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा ती. एक खिडकी, एक लाकडी पेटी, एक काटा आणि बसून बसून मध्ये खोलगट झालेली गादी. त्या गादीवर हा, डाव्या हातात कोरणी आणि डोळ्याला भिंग. बोलणं बेताचं. गिऱ्हाइकानं किती दिवस लागतील विचारलं की हा बोटं दाखवायचा. तीन म्हणजे तीन, तिसऱ्या दिवशी दागिना तयार. अंगठी कापून मोठी करून दिली तर जोड कुठे आहे ते घालणाऱ्यालाही कळायचं नाही. हे सगळं खरं. पण माणसाला एखादी खोड असतेच, आणि याची खोड अशी की 'मला जमत नाही' हे तीन शब्द याच्या तोंडून कधी निघायचे नाहीत. जीव गेला तरी नाही. त्या खोडीचीच ही गोष्ट आहे, आणि सांगताना मला आजही राग येतो.

दादाला एक धाकटी बहीण. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ठमी, आणि साठीला टेकली, वाळून काटकी झाली, तरी ठमीच. ती पडदे शिवायची. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत एकतीस वर्षं भाड्यानं राहत होती. पुढच्या खोलीत कापड बेतायचं लांबलचक टेबल, खिडकीशी मशीन, आणि मागच्या खोलीत सगळा संसार. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर यायची. उन्हाळ्यात ठमी त्या वाफेच्या नावानं बोटं मोडायची, पण खोली सोड असं कुणी म्हटलं की फणकारून उठायची. त्या खिडकीचा उजेड तिच्या पोटापाण्याचा होता. काळ्या कापडावर काळा दोरा तिला तिथे भर दुपारीच काय, दिवेलागणीपर्यंत दिसायचा.

सहा वर्षांपूर्वी ठमीचा नवरा गेला. कारखान्यात कामाला होता, छातीत दुखतंय म्हणून बाकावर बसला तो उठलाच नाही. कारखान्यानं एकरकमी पैसे दिले. जो भेटेल तो शहाणपण शिकवायला लागला. कुणी म्हणे बँकेत ठेव, कुणी म्हणे जमीन घे. ठमी म्हणाली, मला सोनं घ्यायचंय. कागदावरचे आकडे मला कळत नाहीत, सोनं हातात घेता येतं.

बाजारपेठेत एक नाणेवाला होता. जुनी नाणी, पदकं, असलं विकायचा. त्यानं तिला नीट समजावून सांगितलं, आणि मी म्हणेन की त्या माणसानं खोटं काही सांगितलं नाही. नुसतं सोनं घेतलंत तर सोन्याचा भाव वाढेल तेवढंच वाढणार, तो म्हणाला. पण जुनं, इतिहासातलं, धड अवस्थेतलं नाणं घेतलंत तर दोन बाजूंनी वाढतं. सोनं म्हणून एकदा, आणि दुर्मीळ म्हणून एकदा. जमवणारे लोक जगभर आहेत आणि नाणी तेवढीच आहेत, नवी काही होत नाहीत. मग त्यानं तिला एक नाणं दाखवलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचं, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठं. राजाचे केस कुरळे, मानेवर रुळलेले. बट न बट मोजता येईल असं. ठमीला ते बघताक्षणी आवडलं. पण ती म्हणाली, माझ्या भावानं पाहिल्याशिवाय मी घेणार नाही. नाणेवाल्यानं विश्वासानं एका दिवसासाठी नाणं तिच्याकडे दिलं.

ती नाणं घेऊन जिन्याखाली आली तेव्हा दादानं काय करायला हवं होतं ते तुम्हीही सांगाल. कारण त्याच्या उजव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू पिकत चालला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बारीक काम आलं की हा 'वेळ नाही' म्हणून परत पाठवायचा. उरलेलं काम बोटांच्या अंदाजानं रेटायचा. भिंगातून त्याला त्या दिवशी एक पिवळं धुकं दिसलं, आणि धुक्यात राजा असावा असं काहीतरी.

"कसं आहे रे?" ठमीनं विचारलं.

मग त्यानं सोनार करतो ते सगळं केलं. काट्यावर टाकलं, वजन पुस्तकात असतं तेवढं बरोबर. कसोटीच्या दगडावर कडेनं हलकीशी रेघ ओढली, सोन्याचा कस बरोबर. फरशीवर वाजवून पाहिलं, आवाज स्वच्छ. एवढं सगळं जमल्यावर माणसाला वाटणारच की झालं. तरी एक गोष्ट राहिली होती, नुसती डोळ्यांनी बघायची. दादानं भिंग लावून पुरी पाच मिनिटं बघण्याचं नाटक केलं आणि म्हणाला, "अस्सल आहे. बेलाशक घे."

ठमीनं घेतलं. नवऱ्याचे सगळे पैसे त्यात घातले. कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डबीत, डबी मशीनच्या खणात. कुणाच्याही दिवाणखान्यात पडदे लावायला गेली की कुठे ना कुठे विषय काढायची, माझ्याकडे राजाचं नाणं आहे, माझ्या भावानं पाहून दिलंय. दर वर्षी भाव विचारून यायची आणि दादाला सांगायची. भाव खरंच वाढत होता. दादाही ऐकून खूश व्हायचा, त्याच्या मनात काही पाप नव्हतं.

या वर्षी एकदा ठमी त्याच्याकडे आली असताना दादानं कपाऐवजी बशीशेजारी चहा ओतला. सगळा चहा ओट्यावरून खाली. ठमी बघत राहिली. मग तिनं त्याच्या तोंडासमोर बोटं धरली आणि विचारलं किती आहेत. तो म्हणाला, "पोरखेळ बंद कर." तिनं कान धरून, अगदी शब्दशः कान धरून, त्याला दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर ती रोज दोन बस बदलून यायची आणि दिवसातून चार वेळा त्याच्या डोळ्यांत थेंब घालायची. हा लहान मुलासारखा तोंड वाकडं करायचा, ती म्हणायची, "हलू नकोस, नाहीतर नाकात घालीन." हिरवी पट्टी काढल्यावर दादाला आपल्याच हातावरच्या सुरकुत्या दिसल्या आणि तो म्हणाला, "अरे बापरे, म्हातारा झालो की मी." त्या दिवशी दोघं पोट धरून हसली.

आणि त्याच आठवड्यात घरमालकाचा निरोप आला. म्हातारा मालक वारला होता, मुलाला इमारत विकून मोकळं व्हायचं होतं. ठमी इतकी वर्षं राहत होती म्हणून तिला आधी विचारलं. महिनाअखेरपर्यंत या किमतीला दोन खोल्या घेतल्यात तर तुमच्या, नाहीतर रिकाम्या करा. ठमीनं मनाशी हिशेब केला आणि तिला हसूच फुटलं. नाण्याची आजची किंमत आणि खोल्यांची किंमत अगदी जवळजवळ सारखी येत होती. वर मशीनला तेल घालायलासुद्धा उरत नव्हतं, पण खोल्या येत होत्या. तिनं लिलाववाल्यांच्या कचेरीत फोटो पाठवले. त्यांनी कळवलं, नाणं घेऊन या, आमच्या तपासनीस बाई बघतील.

जाण्याच्या चार दिवस आधी ती डबी घेऊन दादाकडे आली. "पाकिटावर वजन लिहायचंय. करून दे." दादानं वजन केलं. मग म्हणाला, "थांब, बघू तरी नव्या डोळ्यांनी. इतकी वर्षं नुसतं ऐकतोय." आणि भिंग लावलं.

राजाच्या डोक्यामागे, वरच्या कडेला, केसांच्या चार बटा होत्या. कोरणी सोन्यात शिरते तिथे रेघ जाड असते आणि निघते तिथे बारीक होत जाते. बाकीच्या सगळ्या बटा डावीकडे जाड होत्या. या चार उजवीकडे जाड होत्या. हे जगात कुणाच्या लक्षात येणार नाही. पण दादा डावखुरा, आणि त्या चार बटा त्याच्या स्वतःच्या हातच्या होत्या.

आता हे कसं, ते सांगतो. दादा विशी-पंचविशीचा असताना त्याच्याकडे एक व्यापारी यायचा. तो मरूनही आता जमाना झाला. जुन्या काळी लोक सोन्याची नाणी भोक पाडून गळ्यात घालायचे. भोक पडलेल्या नाण्याला जमवणारा विचारत नाही, त्याची किंमत सोन्याएवढी. व्यापारी म्हणाला, भोक बुजवून दे. दादानं त्याच राजाच्या एका झिजलेल्या नाण्याचं सोनं वितळवून भोकात भरलं, म्हणजे कस तंतोतंत जुळावा. वजन केसभर इकडचं तिकडं झालं नाही. मग पुसलेले केस पुन्हा कोरले. एक जमलं, मग दुसरं आलं. अशी सतरा. पुढे कुणाला विकताना दुरुस्ती सांगणार का, हे दादानं विचारलं नाही. तरुण होता, हाताची मस्ती होती, कुणाला सापडत नाही यातच त्याला मजा होती. त्यातलं एक हातोहात फिरत, चाळीस वर्षांनी, त्याच्याच बहिणीच्या डबीत येऊन बसलं होतं. सहा वर्षांपूर्वी वजन आणि कस बरोबर आले ते यानंच बरोबर करून ठेवले होते म्हणून.

त्यानं भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. "काय रे?" ठमी म्हणाली. "पाणी येतंय डोळ्यांतून? थेंब घालू?"

"नको," तो म्हणाला. त्यानं भिंग काढून ठेवलं.

चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. ज्यानं विकलं त्या नाणेवाल्यानं केव्हाच दुकान गुंडाळलं होतं, आणि त्याला तरी काय ठाऊक. सांगावं तर खोल्या जाणार. दादानं शेवटी ठरवलं, गप्प बसायचं. घेणारा कुणीतरी श्रीमंत असेल, कपाटात ठेवील, कुणाला कधी कळायचं नाही. पाप लागलं तर मला लागू दे, तिला काहीच माहीत नाही. असं ठरवल्यावर त्याला जरा झोपही लागली. त्याला वाईट म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझ्यानं म्हणवत नाही.

ठमीनं त्याला बरोबर नेलं. कचेरी पहिल्या मजल्यावर, काचेचं टेबल, पांढरा दिवा, एक सूक्ष्मदर्शक. तपासनीस बाई तिशीतली, मऊ बोलणारी. तिनं नाणं कडेनं धरलं, जसं धरावं तसं. दादानं ते लगेच हेरलं. हिला कळतंय. अर्धा तास ती बघत होती. दादा एकदा मनात म्हणे, सापडू दे बाई तुला, माझी सुटका कर. लगेच म्हणे, नको, नको. ठमी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते तिचे त्या खुर्चीत.

बाईनं दिवा बाजूला केला. "छान आहे. कुठेही हात लागलेला दिसत नाही. तुम्हाला फसवलेलं नाही कुणी."

"फसवेल कसं?" ठमी म्हणाली. "माझ्या भावानं आधी पाहिलं होतं ना. हा बघा, हाच. याच्यासारखी नजर शोधून मिळायची नाही."

बाई दादाकडे बघून आदरानं हसली. मग तिनं एक कागद पुढे केला. विक्रीसाठी सही लागते म्हणाली. अक्षरं मुंगीएवढी. ठमीनं पर्स चाचपली, चष्मा घरीच राहिला होता. "दादा, तू वाच. तुझे आता नवे डोळे आहेत."

दादानं वाचलं. नाव, पत्ता, नाण्याचं वर्णन. मग शेवटची ओळ आली आणि वाचल्याशिवाय सुटका नव्हती. "माझ्या माहितीप्रमाणे या नाण्यावर भोक बुजवणे, कडी काढणे किंवा कोरणे अशी कोणतीही दुरुस्ती झालेली नाही."

ठमीनं पेन कागदावर टेकवलंच होतं. ती काही शंका घेत नव्हती. बाहेर पडताना गॅस बंद केला ना असं आपण विचारतो, तसं तिनं सहज विचारलं, "नाहीये ना रे तसलं काही?"

गप्प बसायची दादाची पूर्ण तयारी होती. तिनं विचारलं तर काय, ही तयारी त्यानं केलीच नव्हती. साठ वर्षांत तो या बहिणीशी सरळ तोंडावर खोटं कधी बोलला नव्हता. सहा वर्षांपूर्वीचं एकदा सोडलं तर, आणि तेव्हा त्याला स्वतःलाही ते खोटं वाटलं नव्हतं. त्यानं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"आहे," तो म्हणाला.

मग त्यानं बोट ठेवून ती जागा दाखवली आणि बटांबद्दल सांगितलं. बाईनं पुन्हा दिवा ओढला. या वेळी बराच वेळ लागला. वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा पार बदलला होता. "असं काम मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "मला सापडलं नसतं. कुणी केलंय हे?"

"मी," दादा म्हणाला.

त्याच्या त्या सतरा कामांचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. करणार कसं, कुणाला सापडलंच नव्हतं. ते असं झालं, ठमीच्या देखत. ठमीनं पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "मग आता किती येतील?" बाईनं खाली बघत आकडा सांगितला. चौथा हिस्साही नव्हता.

बसथांब्यावर दोघं बाकावर बसली. एक बस आली, गेली. ठमी उठली नाही.

"तेव्हा तुला दिसत नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"अजिबात?"

"धुकं दिसत होतं."

ठमी त्याच्याकडे वळली. "नुसतं सांगायचं होतंस, 'ठमे, मला दिसत नाही गं.' मी दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं. मी काय तुला हसले असते?"

दादाला रडू आलं. भर रस्त्यात, येणारी-जाणारी माणसं बघताहेत, आणि हा पासष्टीचा माणूस हमसून रडतोय. ठमीनं पर्समधला रुमाल काढून दिला आणि म्हणाली, "चोळू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय." ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. तिनं बोल लावला नाही. नंतर नातेवाइकांनी विचारलं तेव्हाही ती म्हणाली, भाव पडला, माझंच नशीब.

"माझ्याकडे ये राहायला," दादा म्हणाला.

"माझं टेबल मावत नाही तुझ्या खोलीत," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. दुकान विकतो म्हणाला, तर जागा भाड्याची होती. हत्यारं विकतो म्हणाला, तर त्यांत एका खोलीचं दारसुद्धा आलं नसतं.

नाणं 'दुरुस्त केलेले' असा शिक्का बसून विकलं गेलं. त्या पैशांत ठमीनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक खोली भाड्यानं घेतली. तळमजला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. काळं कापड आता शिवत नाही म्हणून तिनं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं.

सामान हलवायच्या दिवशी दादा सकाळपासून तिच्याकडे होता. टेबलाचे पाय त्यानंच सोडवले, एकेक स्क्रू मोजून पुडीत बांधला. टेम्पो भरला. वर फक्त रिकाम्या खोल्या राहिल्या. कुलूप लावून किल्ली खाली लाँड्रीवाल्याकडे ठेवायची होती. दादानं कुलूप लावलं, किल्ली काढून खिशात टाकली. ठमी चार पायऱ्या उतरून खाली उभी होती.

"लावलंस?"

"लावलं."

ती दोन पायऱ्या उतरली. मग थांबली, वळली, आणि त्याच्या अंगावरून पुन्हा वर गेली. तिनं कुलूप हातात धरून ओढून पाहिलं. एकदा, मग परत एकदा.

"हं, लागलंय," ती म्हणाली, आणि दादाकडे न बघता जिना उतरायला लागली. तो कठड्याला धरून तिथेच उभा होता, आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.